अडकलेलं 'नाही'

आपल्या भाषेत 'नाही' वाक्याच्या अगदी शेवटी येतं, ही गोष्ट भाऊंच्या घरात कोणाच्या कधी लक्षात आली नव्हती. तशी ती लक्षात यायची गरजही नसते. माणूस समोर बसून बोलत असला की 'नाही' येईपर्यंत आपण थांबतो, आणि ते येतं. पण भाऊंच्या आईचं आणि मावशीचं बोलणं चालायचं वायफायवरून, आणि वायफायवरचं चित्र कुठल्या शब्दावर अडकून बसेल याचा काही नेम नसतो.

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. राहायला मुला-सुनेकडे, दिवसभराच्या प्रवासाइतकी लांब. तिचे कान जाऊन बरीच वर्षं झाली. कानाचं यंत्र आणलं होतं, पण त्यात माणसं कमी आणि शिट्ट्याच जास्त ऐकू येतात म्हणून तिने ते डबीत घालून कपाटात ठेवून दिलं. ती ओठ वाचते, आणि असे वाचते की चार नातेवाईक जमले की हॉलच्या त्या टोकाला कोण कोणाबद्दल काय बोललं ते इकडे बसून सांगते. त्यामुळे तिच्यासमोर सगळं खानदान तोंडावर हात धरून बोलतं.

रोज दुपारी दोघी बहिणी टॅबवर समोरासमोर बसायच्या. टॅबला आई 'पाटी' म्हणायची. आईला आवाज काढायचीही गरज नव्हती, नुसते ओठ हलवले की काम भागायचं. मावशीला मात्र स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे ती गल्लीला पुरेल अशा आवाजात उत्तर द्यायची. म्हणजे घरात एकाच बाजूचं संभाषण ऐकू यायचं, आणि तेवढ्यावरून दुसरी बाजू काय असेल ते भाऊंच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, बरोबर कळायचं.

एकदा आई कौतुकाने म्हणाली, "ताई, तू म्हातारी दिसत नाहीस." चित्र 'दिसत'वर अडकलं. पुढचं मावशीने आपल्या मनाने भरून घेतलं आणि दोन दिवस अबोला धरला. ते प्रकरण कसंबसं मिटलं, पण मिटलं म्हणजे मावशी विसरली असं कोणी समजू नये.

खरी पंचाईत झाली ती शनिवारी. मावशीच्या पित्ताशयात खडे झाले होते, पोट दुखून दुखून ती हैराण झाली होती, आणि मंगळवारी सकाळी ऑपरेशन ठरलं होतं. आई तिला धीर द्यायला बसली. म्हणाली, "ताई, घाबरायचं कारण नाही." आणि चित्र 'कारण'वर थांबलं. बरं, थांबलं ते तरी कसं, तर आईच्या भुवया वर, तोंड अर्धवट उघडं, शिंक येऊ घातलेल्या माणसासारखं. मावशीने तो चेहरा बराच वेळ न्याहाळला आणि ठरवलं की धाकटीला डॉक्टरांकडून काहीतरी कळलंय, ती ते सांगत होती, आणि घरच्यांनी मुद्दाम फोन कापला.

सुनेने मोठ्या कागदावर ठळक अक्षरांत 'घाबरायचं कारण नाही' असं लिहून दाखवलं. मावशी म्हणाली, "अक्षर तुझं आहे. मला धाकटीच्या तोंडून बघायचंय. नाहीतर मी टेबलावर चढायची नाही." शनिवारी पुन्हापुन्हा फोन लावला तरी चित्र दर वेळी मधेच अडकलं, आणि रविवार मावशीचा तपासण्यांत जाणार होता. दवाखान्यातून निरोप होता की येणार की नाही ते सोमवारी संध्याकाळपर्यंत कळवा, कारण नंतर डॉक्टर महिनाभर बाहेरगावी जाणार आहेत. म्हणजे एका बाजूला पोटात खडे, दुसऱ्या बाजूला डॉक्टरांचा प्रवास, आणि मधे अडकलेलं एक 'नाही'.

इथे भाऊंनी मनावर घेतलं. आता भाऊंनी एखादी गोष्ट मनावर घेणं म्हणजे काय, हे वहिनींना विचारावं. भाऊ पाणीपुरवठा खात्यात तक्रारींच्या खिडकीवर बसायचे. खिडकीपाशी आलेल्या प्रत्येकाला त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "तुम्ही नळाला काही केलं होतं का?" आणि समोरच्याचं उत्तरही ठरलेलं, "नाही हो, काहीच नाही." मग माणूस पाठवून बघितलं की कुठे जोडणी उलटी बसवलेली, कुठे मीटरवर हातोडीचे घाव. भाऊंचं म्हणणं असं की जगात तक्रारदार दोनच प्रकारचे. एक, ज्यांनी काहीतरी करून ठेवलंय ते. दुसरे, जे कबूल करत नाहीत ते. आणि हे दोन्ही प्रकार एकाच माणसात सापडतात.

रविवारी भाऊ चहा घेऊन घरातल्या जुन्या, कॅमेरा नसलेल्या कॉम्प्युटरसमोर बसले आणि वायफायचा अभ्यास केला. त्यातून त्यांना असं कळलं की वायफायच्या हवेत रांगा असतात, त्यांना चॅनल म्हणतात. इमारतीतले सगळे लोक एक, सहा आणि अकरा या तीन चॅनलवर दाटीवाटीने उभे होते, म्हणून चित्र अडकायचं. तेरा नंबरवर मात्र चिटपाखरू नव्हतं.

रिकामी रांग ही भाऊंची जुनी कमजोरी. बँकेत, टपाल कचेरीत, कुठेही गेले तरी सगळे मूर्खासारखे एका खिडकीसमोर उभे असताना आपण शेजारच्या मोकळ्या खिडकीपाशी जाऊन उभं राहायचं, आणि गर्दीकडे जरा दयेने बघायचं, ही त्यांची सवय. ती खिडकी बंद आहे, हे त्यांना नेहमी नंतर कळायचं. पण सवयीचं औषध नसतं. भाऊंनी आपलं वायफाय तेरावर नेऊन ठेवलं. कॉम्प्युटर वाऱ्यासारखा पळायला लागला. टीव्हीवर चित्र असं स्वच्छ आलं की बातम्या देणाऱ्याच्या कानातला केस दिसला.

एवढं झाल्यावर गप्प बसले असते तर ते भाऊ कसले. संध्याकाळी जिन्यात वरच्या मजल्यावरच्या शिकवणीच्या बाई भेटल्या, समोरचे विमावाले भेटले. भाऊंनी दोघांना थांबवून घेतलं आणि सांगितलं, "तुम्ही सगळ्यांनी नुसती गर्दी करून ठेवलीय. काही अभ्यास नाही, काही नाही. आम्ही बाबा बाहेर पडलो त्यातून." शिकवणीच्या बाई "हो का" म्हणाल्या. त्या 'हो का'मध्ये जे काही होतं ते भाऊंना त्या वेळी दिसलं नाही.

सोमवारी भाऊंनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. दुपारी आई केस विंचरून, चष्मा पुसून पाटीसमोर बसली. पाटीवर वायफायची यादी उघडली. त्यात शिकवणीच्या बाईंचं 'अभ्यास करा' होतं, विमावाल्यांचं 'सुरक्षित भविष्य' होतं, तिसऱ्या मजल्यावरच्या कोणाचं तरी 'मागू नये' होतं. भाऊंचं 'पाणीपुरवठा' मात्र नव्हतं. भाऊंनी आपला फोन बघितला, त्यातही नाही. वहिनींच्या फोनमध्येही नाही. ही तिन्ही यंत्रं भाऊंच्या परदेशातल्या मुलीने तिकडून पाठवलेली, भारीपैकी. आणि तिकडे कॉम्प्युटर आणि टीव्ही मात्र जोरात चालू.

"अहो," वहिनी म्हणाल्या, "काल तुम्ही त्यात काहीतरी करत होतात ना?"

"त्याचा याच्याशी काही संबंध नाही," भाऊ म्हणाले. "कॉम्प्युटर चालतोय, टीव्ही चालतोय. म्हणजे नेट ठणठणीत आहे. दोष पाटीत आहे."

"आणि दोन्ही फोनमध्ये?"

"त्यांच्यातही."

वहिनींनी भाऊंकडे बघितलं आणि शिवणाचं मशीन पुढे ओढलं. त्या चिडल्या की पडदे शिवतात.

तेवढ्यात दार उघडं बघून विमावाले आत आले. हे गृहस्थ जगाला फोन कुठला घ्यावा ते सांगतात, आणि स्वतः बटणांचा फोन वापरतात, कारण त्यांच्या मते बाकीचे फोन माणसाला आळशी करतात. त्यांनी राउटरकडे नाडी बघणाऱ्या वैद्यासारखं बघितलं आणि म्हणाले, "बंद करून चालू केलात?"

बंद करून चालू केलं. काही नाही.

"उंचावर ठेवा. लाटा खाली पडतात."

लाटा खाली पडतात हे शास्त्र भाऊंच्या वाचनात आलं नव्हतं, पण आई डोळे लावून बसली होती, म्हणून भाऊ स्टुलावर चढले. राउटर माळ्यावर पातेल्यांच्या ओळीत ठेवताना वायर पुरेना, म्हणून जरा ताणली, वायरीबरोबर खिडकीचा दांडा आला, आणि दांड्याबरोबर वहिनींनी त्याच आठवड्यात शिवलेला नवा पडदा भाऊंच्या डोक्यावर आला. पडद्याच्या आतून भाऊंनी विचारलं, "दिसतंय का पाटीत?" आई म्हणाली, "मला तर तूही दिसत नाहीस."

मग विमावाल्यांनी पाटी हातात घेतली. "याच्या सेटिंगमध्येच गडबड असणार," असं म्हणत त्यांनी तिच्यावर दहाही बोटांनी उपचार केले. बटणांच्या फोनची सवय असल्यामुळे ते काचेवर दाबायचे, आणि जोरात दाबायचे. थोड्या वेळाने पाटीवरची सगळी अक्षरं बदलून कुठल्यातरी भलत्याच लिपीत गेली. ती लिपी कुठल्या देशातली हे शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही. विमावाले पाटी हळूच खाली ठेवत म्हणाले, "हं. मूळ दुखणं आता वर आलंय."

राहता राहिला कंपनीला फोन करण्याचा मार्ग. यात एक अडचण होती. भाऊंचं घर तळमजल्यावर, चारी बाजूंनी इमारतींनी वेढलेलं, त्यामुळे मोबाइलला रेंज यायची ती फक्त न्हाणीघराच्या खिडकीत. फाटकापाशी चांगली रेंज असायची, पण फाटकासमोर गेल्या आठवड्यापासून मोठा चर खणलेला होता आणि त्यात उतरल्याशिवाय उभं राहायला जागा नव्हती. हा चर पाणीपुरवठा खात्यानेच खणला होता, त्यामुळे भाऊंना त्याविषयी तक्रार करण्याचीही सोय नव्हती.

तेव्हा भाऊ एक पाय बादलीच्या काठावर, एक पाय मोरीच्या कट्ट्यावर, आणि मान खिडकीच्या गजांत, अशा अवस्थेत कंपनीशी बोलले. बराच वेळ सनई की काय ते वाजलं. मग एक मुलगी आली आणि अत्यंत गोड आवाजात म्हणाली, "सर, आपण सेटिंगमध्ये काही बदल केला होता का?"

तो आवाज भाऊंच्या ओळखीचा होता. म्हणजे मुलगी ओळखीची नव्हती, पण प्रश्न विचारतानाचा तो सूर, तो शांतपणा, उत्तर आधीच ठाऊक असल्याचा तो समजूतदारपणा, हा सगळा त्यांचाच खिडकीतला ऐवज होता. आजवर भेटलेले उलट्या जोडणीवाले आणि हातोडीवाले त्यांच्या डोळ्यांसमोरून सरकून गेले. आणि भाऊंच्या तोंडून शब्द निघाला तो असा, "नाही हो, काहीच नाही."

न्हाणीघरात आवाज घुमतो. 'काहीच नाही' भिंतींवर आपटून दोनदा परत आलं. बाहेर शिवणाचं मशीन थांबलं, आणि परत सुरू झालं.

मुलीने तक्रार नोंदवून घेतली. भाऊ कट्ट्यावरून उतरतात न उतरतात तोच संदेश आला, 'आपल्या घरापर्यंत इंटरनेट व्यवस्थित पोचत असल्याने आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. धन्यवाद.' भाऊंनी तो दोनदा वाचला. ऑफिसात त्यांनी स्वतः बसवलेलं वाक्य होतं, 'मुख्य वाहिनीपर्यंत पाणी पोचत असल्याने तक्रार निकाली.' ते लिहिताना त्यांना ते फार नेमकं वाटलं होतं. वाचताना कसं वाटतं हे त्यांनी आज पहिल्यांदा अनुभवलं, आणि ते काही फारसं बरं नव्हतं.

आता आईच म्हणाली, "बाळ्या, तुझ्या फोनवरून न्हाणीघरातूनच लाव. मला काय, मी कुठेही बसेन." बाळ्या म्हणजे भाऊच. नोकरी संपत आली तरी घरात बाळ्याच. मग आईला न्हाणीघरात स्टुलावर बसवलं, भाऊंनी गजांत हात घालून फोन धरला, आणि मावशीला फोन लावला.

चित्र आलं. नीट नाही आलं, तुकड्यातुकड्यांत आलं. मावशीला एकदा आईचा चष्मा दिसला, एकदा पांढऱ्याशुभ्र फरश्या, एकदा वर टांगलेली रबरी नळी, आणि पुन्हा पांढऱ्या फरश्या. आईचे ओठ काही दिसले नाहीत. मग मावशीचा आवाज आला, न्हाणीघर दणाणून टाकणारा, "अगं, तू दवाखान्यात आहेस?"

आई जोरजोराने मान हलवून 'नाही, नाही' म्हणू लागली. चित्र मान उजवीकडे असताना अडकलं आणि गेलं.

थोड्याच वेळात मावशीच्या सुनेचा फोन आला. बिचारी रडकुंडीला आली होती. "भावोजी, काय दाखवलंत तुम्ही त्यांना? त्या बॅग भरतायत. म्हणतात, माझे खडे राहू देत, आधी धाकटीला बघून येते. पोटाला हात लावून बॅग भरतायत हो."

एका बहिणीला धीर द्यायचा म्हणून हे सगळं सुरू झालं होतं, आणि आता तीच दुखऱ्या पोटाने दिवसभराचा प्रवास करायला निघाली होती, कारण तिला न्हाणीघराच्या फरश्या दिसल्या. यात भाऊंचा हात किती, हे अजून भाऊंशिवाय कोणालाच नीट माहीत नव्हतं. वहिनींना माहीत होतं, पण त्या पडदा शिवत होत्या.

"विमावाल्यांना त्यांच्याच वायफायचा पासवर्ड ठाऊक नाही. आईंना वर शिकवणीच्या बाईंकडे नेते," वहिनी म्हणाल्या. "त्यांच्याकडून लावू."

"तिच्याकडे नको," आई म्हणाली.

"का हो?"

आई जरा घुटमळली. "अगं, मी तिच्याच घरी बसून तिच्याबद्दल कसं बोलू?"

तेव्हा कुठे उलगडा झाला की दोघी बहिणींच्या रोजच्या बैठकीत शिकवणीच्या बाईंचं एक ठरलेलं प्रकरण असायचं. बाईंच्या शिकवणीच्या खुर्च्या दुपारी ओढल्या जातात, नेमक्या आईच्या डोळा लागायच्या वेळी, आणि त्यावर आई रोज ताजा अहवाल द्यायची. "आज नाही बोलणार तिच्याबद्दल," वहिनी म्हणाल्या. "मी नाही बोलणार गं," आई म्हणाली, "पण ताई विचारल्याशिवाय राहायची नाही. आणि ती विचारते म्हणजे कशी, ते ऐकतेसच ना तू."

भाऊंनीही लगेच आईची बाजू उचलून धरली. कालच जिन्यात ज्यांना गर्दी म्हटलं त्यांच्याच दारात आज उभं राहायचं, हे त्यांच्याही पचनी पडत नव्हतं. पण आईचं तोवर ठरलं होतं. बॅगेचं ऐकल्यापासून ती स्वस्थ बसली नव्हती. तिने चप्पल घातली, वहिनींचा हात धरला आणि जिन्याकडे निघाली. गुडघ्यामुळे आईने जिना सोडला त्याला कितीतरी दिवस झाले होते. पहिली पायरी चढली. दुसरी चढली. तिसरीवर पाय ठेवताना गुडघ्याने नकार दिला, आणि ती कठडा धरून हळूच पायरीवरच बसली. रडली नाही, काही नाही. नुसती बसली, आणि घराच्या दारात उभ्या असलेल्या भाऊंना म्हणाली, "बाळ्या, मला एकच शब्द बोलायचा होता रे तिच्याशी."

भाऊ आत गेले, न्हाणीघरात गेले, बादलीवर पाय दिला, गजांत मान घातली आणि फोन लावला. पुन्हा सनई. पुन्हा एक मुलगी, या वेळी दुसरी.

"सर, सेटिंगमध्ये काही बदल केला होता का?"

"हो," भाऊ म्हणाले. "केला होता. मी केला होता. कोणी सांगितलं नव्हतं. चॅनल बदलून तेरावर ठेवला."

न्हाणीघराने हेही दोनदा परत म्हणून दाखवलं. बाहेर जिन्यात सगळ्यांना ऐकू गेलं.

पलीकडच्या मुलीला नोकरीत 'हो' हे उत्तर बहुधा पहिल्यांदाच मिळालं असावं. ती म्हणाली, "सर, फोन बाहेरून आणलेले आहेत का? काही देशांतली यंत्रं अकरापर्यंतच बघतात. बारा-तेरा त्यांना दिसतच नाहीत. तुमचा कॉम्प्युटर आणि टीव्ही इकडचे असतील, त्यांना दिसत असेल. तुम्ही परत खाली या, सहावर."

म्हणजे रांग मोकळी होती, खिडकी मात्र बंद होती. भाऊ बाहेर आले. वहिनी आईपाशी जिन्यात उभ्या होत्या. भाऊंना वाटलं आता त्या बँकेची आठवण काढणार. वहिनी एवढंच म्हणाल्या, "बदला आता लवकर." ती आठवण त्यांनी त्या वेळी काढली नाही, त्याबद्दल भाऊ पुढे बरेच दिवस त्यांच्याशी फार नरमाईने वागत होते.

भाऊंनी राउटर सहावर आणला. वहिनींनी आपला फोन पाटीशेजारी ठेवून चित्राला चित्र जुळवत जुळवत त्या भलत्या लिपीतून पाटीला माणसांत परत आणलं. यादीत 'पाणीपुरवठा' उगवलं. आईला आणून खुर्चीत बसवलं, मावशीच्या सुनेला फोन लावला. सून दिसली. "हां, आता नीट दि" म्हणाली आणि अडकली.

झालं. गर्दी. वर शिकवणीचा ऑनलाइन वर्ग, समोर विमावाल्यांच्या घरी मालिका, तिसऱ्या मजल्यावर 'मागू नये'वाल्यांचं काय चाललं होतं देव जाणे, आणि सगळे त्याच रांगेत.

भाऊ जिना चढले. शिकवणीच्या बाईंचं दार वाजवलं. बाई कानाला हेडफोन लावूनच बाहेर आल्या. भाऊंना कालचं आपलं सगळं व्याख्यान, शब्दन् शब्द, आठवलं. त्यांनी घसा साफ केला.

"बाई, ती गर्दी," भाऊ म्हणाले. "म्हणजे मी काल म्हणालो ती. मी परत आलोय तिच्यात."

"हो का," बाई म्हणाल्या.

मग भाऊंनी मावशीचं सगळं सांगितलं. खडे, दवाखाना, बॅग, फरश्या. ऐकून झाल्यावर बाईंनी विचारलं, "किती वेळ बंद ठेवू?"

"एका वाक्यापुरतं."

बाई आत वळून पडद्यावरच्या विद्यार्थ्यांना म्हणाल्या, "आजचा वर्ग संपला." आतून जो आनंदाचा कल्लोळ उठला तो विद्यार्थ्यांनी नंतर नाकारला असेल, पण भाऊंनी स्वतः ऐकला.

बाकीच्या इमारतीचं काम विमावाल्यांनी अंगावर घेतलं. त्यांच्या आयुष्यात लोकांनी त्यांचा सल्ला ऐकण्याचा हा पहिलाच प्रसंग असावा, कारण ते मजल्यामजल्यावर "बंद करा, बंद करा, बाईमाणसाच्या ऑपरेशनचा प्रश्न आहे" असं ओरडत असे फिरले की लोकांनी वायफायच काय, काही घरांत गॅससुद्धा बंद केला.

आता नेट बंद केल्यावर माणसाने करायचं काय. मालिका नाही, खेळ नाही, काही नाही. एकेक करत सगळी इमारत भाऊंच्या घरी जमली. तिसऱ्या मजल्यावरचे 'मागू नये'ही आले. आई खुर्चीत, समोर पाटी, आणि आईच्या मागे खांद्याला खांदा लावून बायका-माणसं, शेवटची रांग दाराबाहेर.

भाऊंनी मावशीला फोन लावला. चित्र आलं, आणि असं आलं की मावशीच्या मांडीवरच्या बॅगेची चेनसुद्धा दिसत होती. मावशीने आधी आईकडे बघितलं. मग तिच्या मागच्या माणसांकडे बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"अगं, एवढी माणसं का जमलीत? काय झालंय तुला?"

आई बोलायला तोंड उघडणार तोच थांबली. दोन दिवसांत तिला भाषेविषयी एक गोष्ट कळून चुकली होती. शेवटी ठेवलेल्या शब्दाचा भरवसा नाही. तिने 'नाही' उचललं आणि सगळ्यांत पुढे आणून ठेवलं.

"नाही," आई म्हणाली, ओठ मोठे करून. "नाही झालेलं मला काही. नाही, ताई, नाही घाबरायचं कारण."

आणि मागून सगळ्या इमारतीने, कोणी न सांगता, एकदम मान हलवून ओठ हलवले, "नाही."

मावशी सगळ्यांचे ओठ वाचत गेली. पहिल्या रांगेपासून दारातल्या 'मागू नये'पर्यंत. तिचं वाचून झालं तेव्हा तिने बॅग मांडीवरून खाली ठेवली.

"एवढी माणसं एकदम खोटं बोलणार नाहीत," ती म्हणाली. मागून तिच्या सुनेने पदराने डोळे पुसले आणि दवाखान्याला कळवायला ती आत पळाली. इकडे विमावाल्यांनी भाऊंच्या पाठीवर थाप मारली. भाऊ राउटरकडे बघू लागले.

"आणि ते दुसरं?" मावशी म्हणाली. "त्या दिवशी मी म्हातारी दिसत, काय?"

आईने तिच्याकडे नीट बघितलं. दुखण्याने गळलेला चेहरा, विस्कटलेले केस. "दिसतेस," आई म्हणाली. "मीही दिसते. म्हणून तर म्हणते, लवकर बरी हो."

मावशी हसली. पोट दुखत होतं तरी हसली. दोघी बराच वेळ एकमेकींकडे बघत बसल्या आणि चित्र मधे आलं नाही. विमावाल्यांनी भाऊंच्या कानात विचारलं, "आता चालू करायला सांगू?" भाऊ म्हणाले, "नाही. बसू दे अजून थोडं."

ही भाऊंची चूक. कारण मावशीचा जीव आता भांड्यात पडला होता, आणि जीव भांड्यात पडला की माणसाला आजूबाजूचं दिसायला लागतं. ती पाटीच्या आणखी जवळ आली. तिने डोळे बारीक केले. आईच्या उजव्या खांद्यामागे, कानाला हेडफोन लावून, डोळे पुसत उभ्या असलेल्या शिकवणीच्या बाईंवर तिची नजर स्थिरावली.

आईने ओळखलं. ती नुसत्या ओठांनी "ताई, आत्ता नको" म्हणत होती, पण त्यातलं 'नको' पुन्हा शेवटी ठेवायला गेली होती. भाऊंनी राउटरकडे बघितलं, मनापासून बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला हात जोडावेसे वाटले, की बाबा रे, आता एवढा एकदा अडक.

"हीच का गं ती," मावशीने सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं विचारलं, "दुपारी खुर्च्या ओढणारी?"

चित्र काही केल्या अडकलं नाही.